ब्रासो, पितांबरी आणि झिंक प्लेटिंग: जुन्या पोर्शच्या तेलनळ्यांवर गोव्यात घेतलेला अनुभव

पोर्श ९११ एससी या गाडीच्या उजव्या अंगाला, दाराखालच्या पट्टीच्या आतल्या बाजूने, मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत तेलाच्या दोन लांब धातूच्या नळ्या जातात. १९७८ ते १९८३ या काळात तयार झालेल्या या गाडीचे तीन लिटरचे सहा सिलिंडरचे इंजिन मागे असते आणि ते हवेने व तेलाने थंड होते. तेल इंजिनाच्या तळाशी साठत नाही, तर उजव्या मागच्या मडगार्डात दडलेल्या स्वतंत्र टाकीत राहते. तेल पुरेसे तापले की थर्मोस्टॅट उघडतो आणि ते या लांब नळ्यांतून उजव्या पुढच्या मडगार्डातील कूलरपर्यंत जाऊन परत येते. रस्त्यावरचे पाणी, खडी, तांबडी माती आणि किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांच्या वाट्याला येणारी खारट हवा, हे सगळे या नळ्या उघड्या अंगावर झेलतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस कोसळणाऱ्या आणि हवा एरवीही दमट असणाऱ्या गोव्यात त्यांची काय अवस्था होते, हे एकदा गाडीखाली शिरून पाहिल्याशिवाय कळत नाही.

फोंड्याच्या एका परिचित कुटुंबाची अशी गाडी माझ्या देखभालीखाली आहे. इंजिन बाहेर काढण्याचे काम निघाले, तेव्हा सर्व तेलनळ्या उतरवून स्वच्छ करण्याची आणि त्यांना नवा पृष्ठभाग देण्याची संधी मिळाली. त्यासाठी बाजारातील नेहमीची काही उत्पादने वापरली आणि पोलादी नळ्यांसाठी कुंडई औद्योगिक वसाहतीतील एका लहान प्लेटिंगच्या कारखान्याची सेवा घेतली. मधल्या काळात गाडीने एक पूर्ण पावसाळा पाहिला आहे, त्यामुळे पुढील मत केवळ पहिल्या दिवशीच्या चकाकीवर आधारलेले नाही. आधीच सांगतो की चकाकीला मी या कामात फार खालचे स्थान देतो. ज्या नळीतून नव्वद-शंभर अंश तापमानाचे तेल वाहते आणि जिच्यावर बाहेरून मीठ व पाणी उडते, तिच्यासाठी उत्पादन निवडताना ते उष्णता आणि खारेपणा या दोहोंपुढे टिकते का, एवढाच प्रश्न विचारावा.

कोणतेही उत्पादन विकत घेण्यापूर्वी नळी कोणत्या धातूची आहे, हे ठरवणे आवश्यक आहे. इतक्या जुन्या गाड्यांवर आधीच्या मालकांनी नळ्या बदललेल्या असू शकतात, म्हणून पुस्तकावर विसंबण्यापेक्षा एक चुंबक आणि थोडा मरून रंगाचा स्कॉच-ब्राइट (खरखरीत घासणी) घेऊन बसणे चांगले. या गाडीवर इंजिन आणि टाकी यांच्यामधल्या आखूड नळ्यांना चुंबक चिकटला. त्या पोलादाच्या आहेत आणि त्यांच्यावर पिवळसर मुलाम्याचे अवशेष दिसत होते. दाराखालच्या लांब नळ्यांना चुंबक चिकटला नाही, आणि एका झाकल्या जाणाऱ्या जागी घासल्यावर काळपट थराखालून पितळ दिसले. तुमच्या गाडीवर ॲल्युमिनियम निघाले, तर कॉस्टिक सोडा असलेले कोणतेही तेलकटपणा काढणारे द्रावण त्याच्या जवळ नेऊ नये, कारण ते धातू खाऊन टाकते.

नट सोडवण्याविषयी थोडक्यात. डब्ल्यूडी-४० चा निळा-पिवळा डबा गोव्यातल्या प्रत्येक गॅरेजमध्ये असतो आणि प्रत्येक दुखण्यावर तोच फवारला जातो. हे द्रावण अमेरिकेत १९५३ साली धातूवरील पाणी हटवण्यासाठी तयार झाले आणि ते काम ते उत्तम करते. मळ सैल करण्यासाठी, धुतलेल्या नळीवरचे उरलेले पाणी घालवण्यासाठी मी ते आनंदाने वापरतो. परंतु थर्मोस्टॅटच्या ॲल्युमिनियमच्या आट्यांवर वर्षानुवर्षे बसून एकजीव झालेल्या पोलादी नटापुढे ते हात टेकते. दोन वेगळे धातू, मध्ये खारट ओलावा, आणि चाळीस वर्षांचा अवकाश, असा तो मामला असतो. तेथे जोर लावून थर्मोस्टॅटचे आटे उखडण्यापेक्षा नट काळजीपूर्वक चिरून काढावा, कारण नट आणि नळीचे टोक पुन्हा तयार करता येते, थर्मोस्टॅट मात्र महाग आणि दुर्मीळ आहे. नट फिरवताना दुसऱ्या पान्ह्याने जोडाची दुसरी बाजू घट्ट धरणे तितकेच आवश्यक आहे. अन्यथा नटाबरोबर नळीच पिळवटते. पुन्हा जोडताना आट्यांना न चिकटू देणारे ग्रीस लावावे. हे जोड धातूच्या निमुळत्या तोंडाला तोंड भिडून तेल अडवतात, त्यामुळे नळकाम करणाऱ्यांची पांढरी टेप तेथे गुंडाळण्याचे कारण नाही, आणि ती भिडणारी तोंडे पॉलिश पेपरने घासण्याचे तर मुळीच नाही.

आता आतल्या सफाईकडे वळतो. दिसत नसल्यामुळे तिच्यावर कोणी खर्च करू इच्छित नाही, पण माझ्या दृष्टीने संपूर्ण कामाचे मोल तिच्यावर ठरते. या इंजिनात शोषक पंपाने परत फेकलेले तेल थर्मोस्टॅट आणि कूलरकडून होऊन टाकीपाशी येते, तेथे गाळणीतून जाते आणि मग टाकीत पडते. म्हणजे लांब नळ्यांत राहिलेला कण निदान गाळणीपर्यंत पोहोचून अडकण्याची शक्यता असते. टाकीतून इंजिनाकडे जाणारी आखूड नळी मात्र गाळणीच्या पलीकडे आहे. तिच्यात राहिलेला वाळूचा एक कण थेट दाबाच्या पंपात आणि तेथून बेअरिंगपर्यंत जाऊ शकतो. म्हणून नळ्या सँडब्लास्टिंगला, म्हणजे वाळू किंवा काचेच्या पुडीचा मारा करून साफ करायला, देणाऱ्यांचे मला नेहमीच आश्चर्य वाटते. दोन्ही टोके रबरी बुचांनी घट्ट बंद न करता ब्लास्टिंग केले, तर बाहेरून नवी कोरी दिसणारी नळी आतून इंजिनाची वैरीण ठरते. वाकांच्या आत बसलेली बारीक काचेची पूड नुसत्या हवेच्या झोताने निघत नाही.

मी वापरलेली पद्धत साधी आहे आणि तिला कोणतेही खास उत्पादन लागत नाही. नळी रॉकेलने भरून, टोके बंद करून ठेवावी; नंतर दोरीला बांधलेला नायलॉनचा ब्रश आणि त्यामागे धागे न सुटणाऱ्या कापडाचा बोळा दोन्ही दिशांनी ओढावा. बोळा पांढरा बाहेर येईपर्यंत हे करत राहावे, शेवटी कोरड्या हवेने फुंकावे, स्वच्छ इंजिन तेल फिरवून काढून टाकावे आणि टोके लगेच झाकावीत. ‘लगेच’ हा शब्द आमच्याकडच्या हवेसाठी आहे. पावसाळ्यात रॉकेलने धुतलेले उघडे पोलाद रात्रभर तसेच ठेवले, तर सकाळी त्यावर तांबूस झाक दिसते.

पितळी नळ्यांच्या बाहेरील सफाईत पहिला मान पितांबरीला देतो. ठाण्याच्या या कंपनीची पूड गोव्यातल्या बहुतेक मराठी घरांत देवघराच्या कोनाड्याजवळ सापडते, आणि समई, ताम्हन, तांब्या यांच्यावर तिची परीक्षा झालेली असते. मोटारीच्या नळीवर ती वापरण्याची कल्पना प्रथम ऐकताना हास्यास्पद वाटते, तरी परिणाम पाहिल्यावर हसू ओसरते. तेलाचा चिकट थर आधी रॉकेलने आणि मग साबणाच्या पाण्याने पूर्णपणे काढलेला असेल, तर ओल्या कापडावर घेतलेली ही पूड काळपट थर आणि हिरवा कळक दोन्ही झपाट्याने उतरवते. तेलकट पृष्ठभागावर ती जवळजवळ काहीच करत नाही, हे लक्षात ठेवावे. मागच्या पिढीच्या बायका याच कामासाठी बिंबलां (एक आंबट फळ) किंवा चिंच वापरत. तीही चालतात, केवळ वेळ अधिक लागतो आणि वाकाच्या आतल्या अंगाला हात नीट पोहोचत नाही. पितांबरीचा एक दोष असा की तिची पूड ब्रॅकेटखाली, नटाच्या मागे आणि आट्यांत जाऊन बसते. टोके बंद न करता ती कधीही वापरू नये आणि नंतर भरपूर वाहत्या पाण्याने धुवावे; आंबट द्रव्याचा अंश राहिला तर दोन दिवसांत गुलाबी-हिरवे डाग परत येतात.

ब्रासोविषयी अधिक सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण पितळ म्हटले की गोव्यातही पहिले नाव त्याचेच निघते. चकाकीच्या बाबतीत ते पितांबरीच्या पुढे आहे, यात शंका नाही. बारीक घासणारी पूड आणि द्रावक यांच्या मिश्रणाने येणारी आरशासारखी झळाळी पुडीने येत नाही. अडचण आहे ती अमोनियाची. ब्रासोच्या पारंपरिक मिश्रणात अमोनिया असतो; बाटलीचे झाकण उघडताच नाकाला जाणवणारा तीव्र वास त्याचाच. दिव्याला किंवा दाराच्या मुठीला त्याने काही होत नाही. पण ताण साठलेल्या पितळेला अमोनिया आणि ओलावा एकत्र मिळाले, तर धातूच्या कणाकणांच्या सीमांवरून बारीक भेगा जाऊ लागतात, आणि बाहेरून धडधाकट दिसणारा तुकडा एके दिवशी तडकतो.

या प्रकाराचा इतिहास आपल्याच देशात घडलेला आहे. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातील लष्कराने पावसाळ्यात दारूगोळा कोरडा राहावा म्हणून तबेल्यांमध्ये ठेवला होता, आणि पाऊस संपल्यावर पितळी काडतुसांच्या कवचांना भेगा पडलेल्या आढळत. दोष पावसाचा की पितळेचा, याचा उलगडा बराच काळ होत नव्हता. अखेरीस १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी कारण स्पष्ट केले: घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया, दमट हवा आणि कवचे ओढून तयार करताना धातूत राहिलेला ताण, या तिघांचा तो संयुक्त परिणाम होता. तयार कवचे तापवून तो ताण घालवणे, हा त्यावरचा उपाय. आता तेलनळीकडे पाहा. ती वाकवून तयार केलेली आहे, म्हणजे वाकांत ताण आहे. ती ब्रॅकेटांनी आवळलेली आहे, म्हणजे त्यात भर आहे. आणि हवा तर गोव्याची आहे. पॉलिशचा एक हात दिल्याने नळी फुटेल, असा माझा दावा नाही. तथापि ब्रॅकेटखाली आणि नटाच्या मागे राहून जाणारा पांढरा सुकलेला लेप मला अस्वस्थ करतो. ब्रासो वापरायचेच असेल, तर नळी गाडीवरून पूर्ण उतरवून, ब्रॅकेट सोडवून वापरावे, साबणाच्या पाण्याने लेपाचा शेवटचा अंशही धुवावा आणि वाकांची बाहेरील बाजू भिंगाने तपासावी. गाडीखाली आडवे पडून, नळी जागेवर असताना ब्रासो चोळण्याच्या मी विरुद्ध आहे. ट्यूबमध्ये मिळणारे जर्मन ऑटोसॉल क्रोम व पोलादी दर्शनी भागांसाठी चांगले आहे. तेलनळ्यांसाठी त्याची स्वतंत्र गरज मला भासली नाही, आणि वापरल्यास धुण्याचा नियम तोच.

मग प्रश्न उरतो की चकाकी आणल्यावर ती राखायची कशी. उघडे पॉलिश केलेले पितळ फोंड्यासारख्या आतल्या भागात काही आठवडे तग धरते. मिरामार किंवा करंजाळेच्या बाजूला उभ्या राहणाऱ्या गाडीवर त्याची आशा करू नये. पितळी मूर्ती आणि कलावस्तू जपणारे लोक त्यासाठी ॲक्रिलिकचा पारदर्शक लेप वापरतात. त्यातला सर्वांत नावाजलेला इन्क्रालॅक. त्यात बेंझोट्रायझोल हे तांब्याचे व पितळेचे काळे पडणे रोखणारे द्रव्य मिसळलेले असते. वस्तुसंग्रहालयात तो शोभतो. त्यातील ॲक्रिलिक राळ साधारण साठ अंशांच्या आसपास मऊ पडू लागते आणि आपले तेल त्याच्या कितीतरी वर जाते, हे कळल्यावर तेलनळीसाठी तो विचार सोडून द्यावा लागतो. मऊ झालेल्या लेपावर तांबडी धूळ चिकटते आणि ती नंतर द्रावकाशिवाय निघत नाही. मेणाचेही तेच, तापलेल्या नळीवरून ते ओघळते.

म्हणून लांब पितळी नळ्यांसाठी मी शेवटी चकाकी सोडून दिली. पितांबरीने स्वच्छ करून, मरून स्कॉच-ब्राइटने सर्वत्र एकसारखी मंद खरखर आणून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून त्यावर धातूला धरणाऱ्या एच प्रायमरचा पातळ हात आणि नंतर इंजिनासाठी मिळणाऱ्या, दोनशे अंशांहून अधिक उष्णता सोसणाऱ्या रंगाचे पातळ काळे हात दिले. नटाची बसण्याची जागा आणि निमुळती तोंडे रंगापासून झाकून ठेवली. गाडीच्या मालकीणबाईंना सोनेरी नळ्या फार आवडल्या होत्या आणि त्या झाकल्याबद्दल त्यांची नाराजी अजून संपलेली नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. पावडर कोटिंगचा पर्यायही सुचवला गेला होता. ते साधारण १८० ते २०० अंशांना भट्टीत भाजावे लागते, त्यामुळे रबरी भाग जोडलेल्या नळीला ते देताच येत नाही. शिवाय खडी लागून त्याचा जाड थर एका जागी तुटला की ओलावा आतल्या आत पसरत जातो आणि बाहेरून कळत नाही. पातळ रंग तुटला तर निदान दिसतो आणि ब्रशने भरता येतो.

पोलादी नळ्यांची गोष्ट निराळी आहे. त्यांना मुळात मुलामा होता आणि मुलामाच हवा होता. त्यांच्यावरचा गंज काढण्यासाठी मी सायट्रिक ॲसिडचे सौम्य द्रावण वापरले. किराणा दुकानात लिंबूफूल म्हणून मिळणारे स्फटिक पाण्यात विरघळवले की काम भागते. महागड्या, आम्लविरहित गंजनाशक द्रावणांचा फायदा असा की ती चांगल्या पोलादाला धक्का न लावता केवळ गंज उचलतात आणि हाताला भाजत नाहीत. ज्यांना वारंवार देखरेख करणे शक्य नाही, त्यांनी ती घ्यावीत. लिंबूफुलाच्या पाण्यात नळी विसरून राहिली तर पृष्ठभाग काळा व खडबडीत होतो.

कुंडईच्या कारखान्याची निवड मी त्यांच्या कारागिरांचे प्रश्न ऐकून केली. याआधी दुसऱ्या एका ठिकाणी नळ्या दाखवल्या होत्या. तेथे त्या हातात घेऊन, वजन करून, किलोचा दर सांगून विषय संपवण्यात आला. येथे मूळ कोल्हापूरकडचे असलेले मुकादम नळीच्या तोंडात बोट घालून पाहत म्हणाले, “साहेब, हे भोक उघडं ठेवलं तर ॲसिड आत जाणार आणि परत बाहेर येणार नाही. बुचं तुम्ही आणणार की आम्ही बसवू?” एवढ्यावर माझा निर्णय झाला. प्लेटिंगआधी पोलाद हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवले जाते, आणि नळीच्या आत किंवा रबरी नळीच्या आवळलेल्या पोलादी कड्याखाली शिरलेले आम्ल महिनोन्महिने आतून कुरतडत राहते. त्यामुळे जुनी रबरी नळी कड्यासह कापून टाकूनच पोलादी भाग प्लेटिंगला द्यावा, याबाबत तडजोड नाही. स्प्रिंगा व उच्च ताकदीचे बोल्टही त्याच टोपलीत टाकण्याचा मोह आवरावा, कारण आम्ल व प्लेटिंगच्या वेळी कठीण पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होऊ शकते. साध्या मऊ पोलादाच्या नळ्यांना ती भीती नाही.

जस्ताचा थर येथे चांगला आणि एकसारखा बसला. वाकांच्या आतल्या बाजूला तो पातळ आहे, पण विजेच्या मुलाम्याचा तो स्वभावच आहे. माझी मुख्य सूचना जस्तावरच्या शेवटच्या थराबद्दल होती. जुन्या गाड्यांवरचा ओळखीचा सोनेरी-पिवळा रंग हा जस्तावर दिलेल्या क्रोमेटच्या पातळ पापुद्र्याचा असतो, आणि तोच ओलाव्यापासून जस्ताला वाचवतो. पारंपरिक हेक्सा (हेक्साव्हॅलंट क्रोमियमच्या) प्रकारच्या क्रोमेटचा पापुद्रा साधारण ६५-७० अंशांच्या पुढे वाळून तडकू लागतो आणि त्याचे संरक्षण घटते. दरवाजाच्या बिजागरीला हे लागू होत नाही. तेलनळीला पुरेपूर लागू होते. ट्राय (ट्रायव्हॅलंट क्रोमियमच्या) प्रकारचा जाड पापुद्रा उष्णता अधिक सोसतो, शिवाय तो बनवताना हेक्सा क्रोमियमसारखे विषारी, कर्करोगकारक द्रव्य हाताळावे लागत नाही. त्याचा रंग मात्र जुन्या पिवळ्याइतका गडद येत नाही. फिकट, किंचित इंद्रधनुषी छटेचा येतो. मी ट्राय मागितला होता. पहिल्या खेपेला नळ्या गडद पिवळ्या होऊन आल्या, म्हणजे नेहमीच्या हेक्साच्या टाकीतून काढलेल्या. कारखान्याने विनातक्रार थर उतरवून पुन्हा काम केले आणि पैसे मागितले नाहीत, हे त्यांच्या बाजूने लिहितो. सांगितलेली मुदत मात्र दोन्ही वेळा पाळली गेली नाही, आणि फोनवर मिळणारे ‘फाल्यां’ (उद्या) हे उत्तर गोव्यात किती लवचीक असते, याची वाचकांना वेगळी ओळख करून द्यावी लागणार नाही.

रबरी भाग नव्याने आवळून घेण्यासाठी मुंबईला पार्सल पाठवण्याची गरज पडली नाही. गोव्यात खाणींच्या यंत्रांमुळे आणि मासेमारीच्या ट्रॉलरांमुळे हायड्रॉलिक होज (तेलाच्या रबरी नळ्या) आवळून देणारी दुकाने बऱ्यापैकी आहेत. २०१२ मध्ये खाणी थांबल्यावर त्यांतली काही बंद झाली तरी हातातले कसब टिकून आहे. अडचण मागणी नीट सांगण्याची असते. तेथे सवयीने उच्च दाबाची, तारांच्या जाळीची ताठ होज दिली जाते. टाकीतून इंजिनाकडे जाणारी नळी दाबाची नसून शोषणाची आहे; तिला आतून गोल उभी ठेवणारी सर्पिल तार हवी, नाहीतर गरम होऊन ती आत दबते आणि पंप उपाशी राहतो. या प्रकाराला व्यवसायात आर-फोर म्हणतात. फक्त बऱ्याच आर-फोर होज १०० अंशांपर्यंतच्याच असतात, म्हणून अंगावर छापलेली तापमानाची मर्यादा वाचून त्याहून वरची मागावी. मला दुकानदाराने ती मागवून दिली. आवळणीचे काम नीट झाले होते. कड्याच्या कडा गुळगुळीत होत्या आणि दोन टोकांचा एकमेकांशी असलेला कोन मी नळीवर आधीच खूण करून दिल्यामुळे बसवताना पिळ पडला नाही.

पावसाळ्यानंतर गाडी पुन्हा वर उचलून पाहिली तेव्हाची स्थिती अशी होती. काळ्या रंगाच्या पितळी नळ्यांवर पुढच्या चाकामागे खडीचे दोन-चार टवके होते आणि त्यांत पितळ तपकिरी झाले होते, त्याखाली कोठेही हिरवेपणा नव्हता. ट्राय पापुद्र्याच्या पोलादी नळ्यांवर ब्रॅकेटच्या कडेला जस्ताची थोडी पांढरी बुरशी आली होती. पुसल्यावर खाली तांबूस गंज नव्हता. तुलनेसाठी मुद्दाम नुसत्या पॉलिशवर ठेवलेला इंजिनजवळचा एक लहान पितळी जोड मात्र काळवंडून जुन्या घंटेच्या रंगाचा झाला होता. तेलगळती कोणत्याही जोडात नव्हती, आणि बदललेली गाळणी कापून पाहिली असता तिच्या कागदी घड्यांत कण आढळले नाहीत. या शेवटच्या गोष्टीचे श्रेय रंगाला किंवा मुलाम्याला नाही, रॉकेल आणि बोळ्याला आहे.

खर्चाचा विचार करता पितांबरी, लिंबूफूल आणि रॉकेल यांची किंमत सांगण्यासारखीही नाही. खरा पैसा प्लेटिंग आणि होज यांत जातो, आणि तो तेथेच जायला हवा. कुंडईच्या कारखान्याकडे मी पुन्हा जाईन, मात्र काम नेताना कागदावर तीन गोष्टी लिहून त्यांच्या चलनाला जोडीन: टोके बुचांनी बंद, पापुद्रा ट्रायचाच, आणि निमुळत्या तोंडांवर थर नको. लहान मालाची खेप ते मोठ्या गिऱ्हाइकांची टाकी चालू असताना मधे बसवतात, म्हणून आठवड्याच्या सुरुवातीला माल दिलेला बरा. शुक्रवारी दिलेला माल सोमवारपर्यंत कोपऱ्यात तसाच पडतो, आणि पावसाळ्यात साफ केलेले उघडे पोलाद तितके दिवस थांबत नाही. नेतानाच त्यावर इंजिन तेलाचा पातळ हात फिरवून प्लास्टिकमध्ये गुंडाळून न्यावे. ते तेल कारखान्यात धुऊन निघते, मुलाम्याला त्याचा त्रास होत नाही.